माझं सर्टिफिकेट, डॉक्टरांची भिंत

'सेवा' हा शब्द कोणी माझ्यासमोर काढला की माझं डोकं फिरतं. मागे एका नर्सिंग कॉलेजात मला बोलावलं होतं, निवृत्त सिस्टर म्हणून पोरींना चार शब्द सांगायला. माझ्या आधी जे गृहस्थ बोलले ते अर्धा तास सेवा, त्याग, करुणा, ममता असं दळण दळत होते. पोरी बिचाऱ्या माना डोलवत होत्या. माझी पाळी आली तेव्हा मी सरळ म्हटलं, "पोरींनो, सेवा करायची तर देवळात जा. इथे नोकरी करायची आहे. नेमणुकीचं पत्र घ्या, ड्यूटीचे तास लिहून घ्या आणि आपलं ओरिजिनल सर्टिफिकेट कोणाच्या बापाच्या हातात देऊ नका." प्राचार्यबाईंनी नंतर मला नारळ दिला तो सुद्धा दुसरीकडे बघत. गेल्या उडत. पण सर्टिफिकेटचं मी उगाच बोलले नव्हते. का बोलले ते त्या पोरींना सांगायची मात्र छाती झाली नाही.

मी नाशिकचीच. आमची वस्ती बौद्धांची, वडील पालिकेत कारकून, आई घरात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी मॅट्रिक झाले. मी मास्तरीण व्हावं असं वडिलांच्या मनात होतं. मी परस्पर नर्सिंगचा फॉर्म भरून आले, कारण तिथे होस्टेल होतं, विद्यावेतन होतं आणि मला घरातून बाहेर पडायचं होतं. आईने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सात पिढ्या लोकांची घाण काढली आपण. आता शिकूनसवरून पुन्हा तेच करणार?" मी म्हटलं, "हो, पण आता पगार घेऊन. आणि डोक्याला टोपी लावून." हे उत्तर मला तेव्हा फार झकास वाटलं होतं. आई उठून चुलीकडे गेली.

शिकताना सरकारी दवाखान्यात तीन वर्षं काढली. मेट्रन म्हणजे जमदग्नीचा अवतार. चादरीला एक सुरकुती दिसली तर सगळ्या वॉर्डाच्या चादरी पुन्हा घालायला लावायची. तिचा एक नियम होता: औषध उचलताना नाव वाचायचं, भरताना वाचायचं आणि परत ठेवताना वाचायचं. एकदा मी ठेवताना वाचलं नाही. तिने मला ती बाटली हातात धरून पेशंटांसमोर अर्धा तास उभं केलं. त्या अर्ध्या तासात मी तिला मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. पण ती बरोबर होती, हे कबूल करावं लागतं, आणि मला कोणाचं काही कबूल करायला आवडत नाही.

परीक्षा झाली, नाव रजिस्टरला लागलं आणि मुंबईहून नर्सिंग कौन्सिलचं सर्टिफिकेट पोस्टाने आलं. जाड कागद, खाली शिक्का, मध्ये माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट आणि आडनावासकट. वडिलांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून वस्तीतल्या घराघरात नेऊन दाखवलं. माणूस आयुष्यात कधी मिरवला नव्हता, तेवढे दोन दिवस मिरवला.

सरकारी दवाखान्यातच नोकरी लागली, मग लग्न झालं. नवरा ओझरच्या विमानांच्या कारखान्यात फिटर. सकाळी कारखान्याची बस यायची, संध्याकाळी आणून सोडायची. सगळं बरं चाललं होतं, तोवर सरकारने माझी बदली काढली सुरगाण्याला. सासूबाई म्हणाल्या, "ती तिकडे डोंगरात, हा इकडे, मग लग्न कशाला केलं?" नवरा गप्प. नवऱ्यांचं ते एक बरं असतं. मी राजीनामा दिला. सरकारी नोकरी, कायम होण्याच्या बेतात आलेली, मी एका कागदावर चार ओळी लिहून सोडून दिली. आजही आठवलं की माझं मलाच थोबाडावंसं वाटतं.

नोकरी मिळायला मात्र वेळ लागला नाही. ऐंशीनंतर नाशिकमध्ये नर्सिंग होमचं पेव फुटलं होतं. शरणपूर रोड म्हणू नका, गंगापूर रोड म्हणू नका, जो बंगला विकायला निघेल तो डॉक्टर घ्यायचे. दिवाणखान्यात बाकडी टाकली की ओपीडी झाली, बेडरूममध्ये खाट टाकली की स्पेशल रूम. मी जिथे लागले तिथे लेबर रूम म्हणजे जुनं स्वयंपाकघर होतं. कडप्प्याचा ओटा तसाच होता. त्या ओट्यावर आम्ही काचेच्या सिरिंजा उकळायचो.

डॉक्टर बाळंतपणाचे. हात चांगला होता त्यांचा, खोटं कशाला बोलू. आणि जिभेवर साखर. "सिस्टर, तुम्ही आमच्या घरच्याच," असं पहिल्याच दिवशी म्हणाले. घरच्या बाईला घरात कसं वागवतात हे मला ठाऊक होतं, तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. मग म्हणाले, "ओरिजिनल सर्टिफिकेट आमच्याकडे असू द्या. तपासणीला कोणी आलं तर शिकलेली सिस्टर दाखवावी लागते. सुरक्षित राहील." आठ दिवसांत सर्टिफिकेट सोनेरी काठाच्या फ्रेममध्ये बसून बाहेरच्या खोलीत भिंतीवर गेलं, गणपतीच्या फोटोशेजारी. मला काय आनंद! मूर्ख बाई. वडिलांना मुद्दाम बोलावून दाखवलं मी ते. ते चप्पल बाहेर काढून आत आले होते.

त्या फ्रेममध्ये माझं आडनाव ठळक दिसायचं, आणि आपल्याकडे पेशंटला बरं वाटायच्या आधी सिस्टरचं आडनाव माहीत करून घ्यायचं असतं. एका बाईची सासू फ्रेमसमोर उभी राहून अक्षर अक्षर लावून वाचून आली आणि मला म्हणाली, "सुनेला पाणी मी देईन हो सिस्टर, तुम्ही राहू द्या." मी राहू दिलं. दहा मिनिटांनी सुनेला बेडपॅन लागला तेव्हा हीच बाई, "सिस्टर, अहो सिस्टर, लवकर या." पाणी चालत नव्हतं, बेडपॅन चालत होता. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "जाऊ द्या हो, जुनी माणसं आहेत." ती बाई जेमतेम पन्नाशीची होती.

आता पोरींचं सांगते. त्या नर्सिंग होममध्ये कोर्स केलेली एकटी मी. बाकी पाच पोरी होत्या, खेड्यापाड्यांतून आणलेल्या, कोणी सातवी, कोणी दहावी नापास. अंगावर पांढरा ड्रेस चढवला की सिस्टर. राहायला गच्चीवरची पत्र्याची खोली. माझ्या एका पगारात त्या पाचही जणी बसायच्या, म्हणून डॉक्टरांना त्या हव्या होत्या. आणि कायद्याला एक शिकलेली लागायची, म्हणून मी हवी होते. "सिस्टर, यांना जरा तयार करा," डॉक्टर म्हणाले. "पटकन. तीन वर्षं नाहीत आपल्याकडे."

मी तयार केल्या. पोरी चलाख होत्या, पण इंग्रजी अक्षर म्हणजे त्यांना मुंग्या वाटायच्या, आणि इंजेक्शनच्या त्या बोटाएवढ्या काचेच्या कुप्यांवर नाव लिहिलेलं असतं ते मुंग्यांहून बारीक. बाळंतपणात दोन इंजेक्शनं महत्त्वाची. एक कळा वाढवायचं, ते बाळ यायच्या आधी सलाईनच्या बाटलीत घालतात. दुसरं रक्त थांबवायचं, ते बाळ बाहेर आल्यावरच द्यायचं. आधी दिलं तर गर्भाशय आवळून बसतं आणि आतल्या बाळाला हवा मिळत नाही. कुपीच्या मानेला रंगाचा पट्टा असायचा. मी पोरींना शिकवलं, "लाल पट्टा रक्ताला, निळा पट्टा कळांना." चार दिवसांत पाठ झालं त्यांना. डॉक्टर खूश, पोरी खूश, मी खूश. मेट्रन असती तर तिने मला बाटली धरून अर्धा तास नव्हे, जन्मभर उभं केलं असतं.

पाचांत सगळ्यात हुशार होती ती बागलाणातल्या नामपूरची. आमच्या नाशिकच्या बोलण्यात तिचं बागलाणी बोलणं मध्येच डोकवायचं. पेशंटसमोर शुद्ध बोल म्हणून मी तिच्या मागे लागायचे आणि ती "हो सिस्टर" म्हणून पुढच्याच वाक्याला 'आहे'च्या जागी "शे" म्हणायची. बाळाचे ठोके ऐकायला, पोटावर हात ठेवून कळ मोजायला मी तिला दोन वर्षं हाताला धरून शिकवलं. हाताला यश होतं पोरीच्या. दहावीला पुन्हा बस, मग नर्सिंगला जा, असं मी तिला सांगायचे. घरी पाठच्या बहिणी होत्या, तिला रजा मिळायची वर्षातून आठ दिवस.

अशात पालिकेच्या प्रसूतिगृहात स्टाफ नर्सच्या जागा निघाल्या. सरकारी पगार, पेन्शन, ठरलेले तास, आणि नाशिकमध्येच. मी अर्ज केला. वयाची अट होती आणि मी त्या अटीच्या आत मोजून चार महिने होते. ही गेली की पुन्हा सरकारी नोकरी नाही, हे मला नीट कळत होतं. मुलाखतीचं पत्र आलं: सोमवारी सकाळी, सर्व मूळ प्रमाणपत्रांसह.

मी डॉक्टरांकडे सर्टिफिकेट मागितलं. "देतो ना," म्हणाले. दुसऱ्या दिवशी म्हणाले फ्रेम पक्की खिळलेली आहे, सुताराला बोलावतो. मग सुतार गावाला गेला. मग म्हणाले झेरॉक्स घेऊन जा, चालते. मी पालिकेत जाऊन विचारून आले, नाही चालत. असे बारा दिवस त्यांनी मला खेळवलं. रोज जाता-येता माझंच नाव भिंतीवरून माझ्याकडे बघायचं आणि मला हात लावायची चोरी. तुम्ही म्हणाल, काढून न्यायचं सरळ. बरोबर आहे. पण तेव्हा डॉक्टर म्हणजे देव, आणि त्यांनी चोरीची तक्रार केली असती तर आमच्या वस्तीतल्या बाईचं कोणी ऐकलं असतं?

मुलाखतीच्या आधीचा गुरुवार. सकाळी सायखेड्याची एक बाई दाखल झाली. लग्नाला नऊ वर्षं, पहिलं बाळंतपण. सोबत सासू, कपाळभर कुंकू, हातात दशम्यांचं गाठोडं. तिने आडनाव-बिडनाव काही विचारलं नाही. माझा हात धरला आणि म्हणाली, "सिस्टर, लय नवसाचं हाय. तुमी हितंच ऱ्हावा, कुठं जाऊ नका." मी तिला म्हटलं, "आजी, मी आहे ना, काळजी करू नका."

कपाट लावताना मला एक नवं खोकं दिसलं. आदल्या दिवशी कोणा औषध कंपनीचा माणूस डॉक्टरांना भेटून गेला होता, जाताना फुकट सँपल ठेवून गेला. तेव्हा तो प्रकार नुकता जोरात आला होता. बूट-टाय घातलेले, हसरे, डॉक्टरांच्या टेबलावर पेन आणि कॅलेंडर ठेवणारे. मी खोकं उघडलं, कुपी उजेडात धरली आणि नाव वाचलं. रक्त थांबवायचं इंजेक्शन होतं. मानेला पट्टा मात्र निळा.

मला लगेच कळलं. हे पोरींना सांगायला हवं, आत्ताच, आणि खोक्यावर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात मराठीत लिहायला हवं. मी पेन शोधायला वळले तेवढ्यात डॉक्टरांची हाक आली.

मी केबिनमध्ये गेले. मला वाटलं सर्टिफिकेट देतात. ते म्हणाले, "सिस्टर, मी विचार केला. तुम्ही जाऊ नका. थोडा पगार वाढवतो."

"सर, मला सर्टिफिकेट पाहिजे."

"ते दिलं आणि उद्या तपासणी आली तर मी काय दाखवू? तुमचा फोटो?"

"दुसरी शिकलेली सिस्टर ठेवा."

"सिस्टर, काल आलेल्या पोरी आज मला बाळंतपणं करून दाखवतात. तुम्हाला मी सर्टिफिकेटसाठीच ठेवलंय, हे तुम्हाला कळत नाही का?" हे सुद्धा ते हसून बोलले. "पोरी तयार झाल्या. तुम्हीच केल्यात."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. त्यांना चोर म्हणाले एवढं आठवतं. बाहेर बसलेल्या पेशंटना ऐकू गेलं असणार. मी ॲप्रन काढला, त्यांच्या टेबलावर टाकला, पर्स उचलली आणि निघाले. दुपारचे बारा वाजले असतील. पायरीवर नामपूरची आडवी आली. "सिस्टर, तुम्ही जातस? ती बाई आत शे ना."

वड्याचं तेल वांग्यावर निघालं. मी तिच्यावर ओरडले, "मग तुला दोन वर्षं काय झक मारायला शिकवलं? कर की तू! तुम्ही सगळ्या तयार झाल्या आहात ना?" ती बाजूला झाली. सायखेड्याची म्हातारी बाकावर बसली होती, तिने मला जाताना पाहिलं. मी तिच्याकडे बघितलंच नाही. ते खोकं माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. साफ गेलं नव्हतं. कोपऱ्यापर्यंत आले तेव्हा आठवलं होतं. परत फिरायचं म्हणजे त्या माणसासमोरून पुन्हा आत जायचं, टेबलावरचा ॲप्रन उचलायचा. मी मनात म्हटलं, बघतील त्यांचं ते, त्यांना सिस्टरची गरज नाही ना. आणि रिक्षात बसले.

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा गेले, सर्टिफिकेट घेतल्याशिवाय हलायचं नाही असं ठरवून. पोलिसात जाईन, पेपरात देईन, रात्रभर घोकलेलं सगळं तोंडात तयार. बाहेरची बाकडी रिकामी होती. नामपूरची चादरींच्या खोलीत खाली जमिनीवर बसली होती, पाठ भिंतीला, पांढऱ्या ड्रेसवर वाळलेले डाग. आदल्या दिवसापासून तिने कपडे बदलले नव्हते. तिने सांगितलं ते असं.

दुपारी तीनला बाईच्या कळा मंदावल्या. डॉक्टर घरी जेवून आडवे झाले होते. तिने फोन केला. फोनवर ते म्हणाले, "बाटलीत कळांचं इंजेक्शन घाल, मी येतोच." जुन्या निळ्या पट्ट्याच्या कुप्या संपल्या होत्या. नव्या खोक्यात निळा पट्टा होता. तिने त्यातली कुपी फोडली, सिरिंजमध्ये ओढली, बाटलीत घातली. आणि मग, मी शिकवलं होतं तसं, बाईच्या पोटावर हात ठेवून कळ मोजायला बसली. कळ आली ती सैल पडेचना. पोट दगडासारखं झालं. तिला कळलं काहीतरी उलटं होतंय. तिने बाटली बंद केली, स्वतःच्या बुद्धीने बंद केली, कोणी सांगितलं नव्हतं, आणि पुन्हा फोनकडे धावली. डॉक्टर वीस मिनिटांत आले, चिमटा लावून बाळ काढलं. मुलगा होता. रडला नाही. बाई वाचली.

"निया पट्टा व्हता, सिस्टर," ती मला म्हणाली. "मी दोनदा देखा. नियाच व्हता."

मला तिथेच बोलायचं होतं. खोकं मी काल पाहिलं होतं गं, तुझी काही चूक नाही. एवढं एक वाक्य. तेवढ्यात डॉक्टरांनी आत बोलावलं.

त्यांच्या टेबलावर रिकामी कुपी आणि ते खोकं होतं. आज जिभेवर साखर नव्हती. घरच्यांना त्यांनी सांगितलं होतं की बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. म्हातारी कपाळ बडवत गेली म्हणे, पण कोणाला बोल न लावता गेली. "प्रश्न बाहेरचा नाही," ते म्हणाले. "प्रश्न आपला आहे. पोरींना नावं वाचायला न शिकवता पट्टे कोणी शिकवले?"

"फोनवर बाळंतपण कोणी केलं?" मी म्हटलं.

"बरोबर आहे. तुम्ही बोललात तर मी अडचणीत येईन. आणि मी बोललो तर तुमचं रजिस्टरवरचं नाव जाईल. मग सोमवारी काय घेऊन जाणार? मला एकच सांगा, सिस्टर. हे खोकं तुम्ही काल सकाळी पाहिलं होतं का? पोरीने घेतलं तेव्हा उघडलेलंच होतं ते."

उत्तराची वाट न बघता त्यांनी नामपूरचीला हाक मारली. ती येऊन दाराशी उभी राहिली.

"काय गं, सिस्टरांनी तुला काल या नव्या खोक्याबद्दल काही सांगितलं होतं का?"

ती माझ्याकडे बघू लागली. तिचे डोळे मला अजून दिसतात. त्यांत आरोप-बिरोप काही नव्हता. परीक्षेत विसरलेलं उत्तर आठवायचा प्रयत्न करताना पोरं बघतात तसं ती बघत होती. खरंच सांगितलं होतं का, आपणच विसरलो का, एवढंच शोधत होती ती. ती 'नाही' म्हणायच्या आत मी बोलले.

"सांगितलं होतं मी. सकाळीच सांगितलं होतं. हे खोकं वेगळं आहे, पट्टा बघू नकोस, नाव वाच, नाही वाचता आलं तर विचार. सांगितलं होतं की नाही? बोल की आता!"

माझा आवाज चढलेला होता, वॉर्डात तिला चूक दाखवताना चढायचा तसाच. ती मान खाली घालून म्हणाली, "हा सिस्टर. सांगेल व्हतं तुम्ही."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. माझ्या खोटेपणाची त्यांना पक्की खात्री होती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि आता मी तोंड उघडणार नाही याचीही. तिला म्हणाले, "सामान आवर. आजच जायचं. आणि जाण्याआधी सिस्टरांची ती फ्रेम उतरवून दे."

सुतार लागला नाही. ती स्टुलावर चढली, फ्रेम थोडी वर उचलली आणि खिळ्यावरून अलगद निघाली. खाली उतरून तिने ड्रेसच्या कोपऱ्याने काच पुसली, डाग नसलेला कोपरा शोधून. मग दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"तुमले नोकरी लागो, सिस्टर," ती म्हणाली. "माले तुम्ही इतलं शिकाडं, मीच इसरनू."

मी फ्रेम घेतली. मी तिला काही म्हटलं नाही. चांगलं नाही, वाईट नाही, काहीच नाही.

सोमवारी मुलाखतीत एका साहेबांनी सर्टिफिकेट उलटून पाहिलं आणि विचारलं, इतकी वर्षं प्रायव्हेटमध्ये काम केलंत, कधी काही तक्रार? मी म्हटलं, नाही साहेब. नोकरी लागली. सगळं ठरल्याप्रमाणे झालं, बढती, पेन्शन, निरोपाचा हार. माझ्या हाताखाली अनेक पोरी आल्या, त्यांना मी नाव तीनदा वाचायला लावलं आणि त्या सगळ्या मला जमदग्नी म्हणायच्या. त्या डॉक्टरला मी आजही शिव्या घालते, कोणी विचारलं नाही तरी घालते. तो आहेच तसा. पण मुलगा मेल्यावर दुसऱ्या दिवशी त्या पोरीला 'मी विसरले' असं वाटायला लावलं ते त्याने नाही, मी. नामपूरची बस नाशिकच्या स्टँडवरून रोज सुटायची. एवढी वर्षं मी नोकरी केली, एकदाही त्या बसमध्ये बसले नाही.